साखरपुड्यातली राखाडी आणि लग्नातला नारिंगी: डोळ्यांखालच्या काळेपणाचं एक प्रकरण

ही नवरी २९ वर्षांची, सावळी, पुण्यात स्टाफ नर्स. महिन्यातल्या निम्म्या ड्युट्या रात्रीच्या. लग्न गावी, कराडच्या बाजूला, मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर आणि उघड्या मांडवात. ओळख पटेल असं जे होतं ते मी बदललं किंवा गाळलं आहे. त्वचा, रंग आणि उजेड यांबद्दलचं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

ट्रायलला, म्हणजे लग्नाच्या मेकअपच्या तालमीला, ती आत्यांना घेऊन माझ्याकडे आली आणि खुर्चीत बसायच्या आधी फोन पुढे केला. साखरपुड्याचे फोटो होते. मेकअप गावातल्याच एका पार्लरमध्ये केलेला. गाल, ओठ, केस ठीकठाक, पण डोळ्यांखाली दोन राखाडी अर्धवर्तुळं. मेकअप नसताना तिची जी वर्तुळं तपकिरी-जांभळट दिसत, ती मेकअपनंतर शाडूच्या रंगाची झाली होती. आणि जे फोटो फ्लॅशवर काढले होते त्यांत नेमकी तीच जागा पांढरीफटक. आत्यांचं निदान तयार होतं. "कन्सीलर कमी पडला हो. तुम्ही जरा दाबून लावा. आणि एक शेड गोराच घ्या."

कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं दाट क्रीम, कमी पडलाच नव्हता. तो जास्त झाला होता, आणि गोरा होता म्हणूनच राखाडी दिसत होता.

हे जरा सविस्तर सांगते, कारण सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवरच्या निम्म्या तक्रारी इथेच जन्म घेतात. कन्सीलरमध्ये रंग येतो तो मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांमधून: पिवळा, लाल आणि काळा. शेड फिकी करायची तर त्यात पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड वाढवतात. आता गडद पृष्ठभागावर पांढरट रंगाचा पातळ हात दिला की तो उबदार न दिसता निळसर-राखाडी दिसतो. चित्रकारांना हे पक्कं माहीत असतं. काळ्यावर पातळ पांढरा ओढून ते मुद्दाम धूसर निळा काढतात. डोळ्यांखाली आधीच निळा-जांभळा असतो, त्यावर हा पांढरट थर बसला की राखाडी येणारच. मग "दिसतंय अजून" म्हणून आणखी एक थर, मग आणखी एक. ओल आलेल्या भिंतीवर चुना मारत राहावा तसं. भिंत पांढरी होते, पण डाग कुठे आहे ते लांबूनही कळतं.

फ्लॅशमधला पांढरेपणा हा वेगळा दोष. तो बहुतेक वेळा पावडरीतून येतो. "एचडी" नावाने मिळणाऱ्या पांढऱ्या, पारदर्शक म्हणवणाऱ्या पावडरींमध्ये सिलिका असते. साध्या उजेडात ती दिसत नाही, फ्लॅशचा झोत मात्र सरळ कॅमेऱ्याकडे परत फेकते. खाली टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन असेल तर भरच पडते. म्हणजे एकाच चेहऱ्यावर, एकाच जागी, दोन वेगळ्या कारणांचे दोन दोष होते आणि आत्यांच्या उपायाने दोन्ही वाढले असते.

खिडकीजवळची तपासणी

रिंग लाइट, म्हणजे कड्यासारखा गोल दिवा, बंद केला. रिंग लाइट समोरून, सगळीकडून सारखा पडतो आणि सावल्या खाऊन टाकतो. त्याच्या उजेडात डोळ्यांखालचं काहीच खरं कळत नाही. तिला खिडकीसमोर बसवलं, चेहरा साफ केलेला.

पहिली चाचणी ताणण्याची. खालच्या पापणीची त्वचा बोटाने हलकेच खाली-बाहेर ओढली. त्वचेतच रंगद्रव्य असेल तर तो रंग ताणल्यावरही तसाच राहतो. रक्तवाहिन्यांचा निळा-जांभळा असेल तर त्वचा पातळ झाल्याने उलट अधिक उठून दिसतो. आणि खोलगटपणाची नुसती सावली असेल तर ती जागेवरून हलते किंवा जाते. दुसरी चाचणी टॉर्चची. फोनचा टॉर्च आधी डोक्यावरून धरायचा, मग डोळ्यांच्या पातळीवर समोरून. समोरच्या उजेडात जितकं नाहीसं होतं तितकी सावली. उरतं तो रंग.

तिच्या डोळ्यांखाली तिन्ही होतं, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी. नाकाजवळच्या आतल्या कोपऱ्यात निळसर-जांभळा, बोट दाबल्यावर क्षणभर फिका होणारा. बाहेरच्या कोपऱ्याकडे आणि वरच्या पापणीवरही तपकिरी, ताणल्यावर तसाच राहणारा. आणि आतल्या कोपऱ्यातून गालाकडे तिरकी उतरणारी घळ, जिच्यात डोक्यावरचा दिवा लागला की काळी रेघ उमटायची. शिवाय उजव्या डोळ्याखाली किंचित फुगवटा. खूप जणींना वाटतं की डार्क सर्कल म्हणजे एकच गोष्ट आणि तिच्यावर एकच ट्यूब. इथे एका डोळ्याखाली तीन वेगळी कामं होती.

मग प्रश्न विचारले. आईला असंच आहे का? आहे, आजीलाही होतं. म्हणजे तपकिरी भागाचा मोठा हिस्सा आनुवंशिक. सकाळी शिंका येतात का? हो, चादरी झटकल्या की. डोळे चोळतेस का? यावर ती हसली आणि बोलता बोलताच तिने डोळा चोळला. नाक चोंदलेलं राहिलं की डोळ्यांभोवतीच्या शिरांत रक्त साचतं आणि खाली निळसर छटा येते. वर चोळण्याने त्वचा दुखावते आणि दुखावलेली सावळी त्वचा बरी होताना गडद होते. काजळ? रोज, आणि ड्युटीवरून आल्यावर टिश्यूने खसाखसा पुसायचं. तेही चोळणंच.

शेवटचा प्रश्न मी प्रत्येकीला विचारतेच: तोंडाला काही क्रीम लावतेस? तिने पर्समधून ट्यूब काढली. मैत्रिणीने सुचवलेलं, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं, "ग्लो येतो" म्हणून डोळ्यांखालीही लावत असलेलं. मागचं बारीक अक्षर वाचलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड. पापणीची त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ. तिथे स्टेरॉइड रोज लावलं की ती आणखी पातळ होते आणि आतल्या शिरा आणखी दिसतात, म्हणजे ज्याच्यासाठी लावलं तेच वाढतं. डोळ्यांच्या इतक्या जवळ दीर्घकाळ वापरलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचाही धोका असतो. नर्स असून तिला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं, वॉर्डातल्या औषधांबद्दल माहीत होतं. ब्युटी क्रीम हे औषध असतं हे डोक्यात नव्हतं, आणि यात ती एकटी नाही.

हे माझं काम नाही, म्हणून तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. अशी क्रीम अचानक बंद केली तर त्वचा लाल होऊन भडकू शकते, तेव्हा कशी थांबवायची तेही त्यांनाच विचार म्हटलं. सोबत रक्त तपासून घे, असंही मी म्हणाले. चेहरा ओढलेला, पापणीची आतली बाजू फिकी, जिना चढताना दम लागतो असं तीच बोलून गेली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. इतक्या जणींमध्ये असलेली गोष्ट मेकअपच्या खुर्चीत रोजच येऊन बसणार. तिचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं, गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि ॲलर्जीचं औषध सुरू केलं.

लग्नापर्यंत वर्तुळं जातील असं मी म्हटलं नाही आणि डॉक्टरांनीही म्हटलं नाही. आनुवंशिक तपकिरीपणा महिन्याभरात कुठे जातो? पण चोळणं थांबलं, काजळ आधी तेलाने सैल करून मग पुसायला लागली, आणि स्टेरॉइड डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सुटलं. एवढ्यानेही डोळ्यांखालची त्वचा कोरडी, सोललेली राहिली नाही. मेकअप बसायला हे फार मोठं असतं. पापुद्रे सुटलेल्या त्वचेवर जगातला महागातला महाग कन्सीलर चिकटून बसतो आणि प्रत्येक पापुद्रा मोजून दाखवतो.

ट्रायल: कुठे काय लावायचं

निळ्याला नारिंगी मारतो, जांभळ्याला पिवळा, हे आता सगळ्यांना पाठ आहे. अडचण पुढे येते. गोऱ्या त्वचेसाठी जो पीच करेक्टर (कन्सीलरच्या खाली लावायचं, नको तो रंग मारणारं रंगीत क्रीम) चालतो तो सावळ्या त्वचेवर पुन्हा फिकाच पडतो आणि राखाडी परत येते. तिच्या आतल्या कोपऱ्यावर मी तीन रंग शेजारी शेजारी लावून पाहिले: फिका पीच, खरा नारिंगी आणि विटकरी लालसर. फिका पीच सरळ राखाडी. विटकरी लावल्यावर डोळे आल्यासारखी लाली. नारिंगी लावल्यावर निळा गेला आणि मागे उरली थोडी गडद पण तिच्याच त्वचेच्या जातीची छटा. करेक्टरकडून एवढंच हवं असतं. करेक्टर लावल्यावर जागा उजळ दिसायला नको, फक्त निळी दिसायला नको. उजळ करायचं काम पुढच्या थराचं.

प्रमाण: मसुराच्या अर्ध्या डाळीइतका, आणि तोही दोन्ही डोळ्यांना मिळून. तो सगळ्या अर्धवर्तुळावर पसरायचा नाही, फक्त जिथे निळा-जांभळा दिसतो तिथे. अनामिकेने टेकवत टेकवत. अनामिका यासाठी की तिचा दाब कमी असतो, आणि बोटाच्या उबेने मेणाचं क्रीम मऊ होऊन त्वचेत बसतं. ओढायचं नाही. ब्रशने ओढलं की करेक्टर जिथे नको तिथे जातो आणि फाउंडेशनमध्ये मिसळून गालावर नारिंगी पट्टा उमटतो. तो पट्टा झाकायला पुन्हा कन्सीलर, आणि आपण पुन्हा साखरपुड्यात.

बाहेरच्या तपकिरी भागावर करेक्टर मी अगदी नावापुरता लावला. वरवरचा तपकिरी हा मुळात गडद नारिंगीच असतो. त्यावर नारिंगी ओतला तर विटेचा रंग येतो. त्वचेच्या खोल थरात मेलॅनिन असेल तर ते वरून निळसर-करडं दिसतं, तिथे नारिंगीचा उपयोग होतो. तिचं तसं थोडंच होतं. या भागाला तिच्या गालाच्या शेडचा, सोनेरी छटेचा, दाट कन्सीलर पुरला. वरच्या पापणीलाही तोच, कारण खालचं झाकलं आणि वरची पापणी तशीच तपकिरी राहिली तर डोळा आजारी दिसतो. हे सर्रास विसरतात.

घळीचं गणित वेगळं. तिथे रंगाचा दोष नाही, आकाराचा आहे. खोलगट जागा वर आल्यासारखी वाटायची तर तिला किंचित उजेड द्यावा लागतो, म्हणून तिथे अर्धी शेड फिका कन्सीलर. पण फक्त घळीच्या सगळ्यात खोल रेषेवर, बारीक ब्रशने, केसाइतकी रेघ. इंटरनेटवर दिसणारा तो मोठा उलटा त्रिकोण भरला तर रेषेच्या दोन्ही बाजूंचे उंचवटेही तितकेच उजळतात आणि घळ जिथल्या तिथे राहते. उजव्या फुगवट्यावर तर फिकं काहीच नाही. फुगलेली जागा उजळली की आणखी पुढे येते. फुगवट्याच्या खालच्या कडेला जी सावली पडते तेवढीच उजळायची.

इथे आत्यांशी माझं वाजलं. त्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

"मॅडम, एवढंच? अहो, सासरची माणसं बघणार. एक शेड गोरी केली तर काय बिघडतं?"

"आत्या, चेहरा गोरा केला की मानेचं काय करू? हातांचं? मेंदीचे हात चेहऱ्याजवळ येतील तेव्हा दोन माणसांचे दिसतील."

"मग निदान डोळ्यांखाली तरी."

"तेच साखरपुड्याला केलं होतं."

नवरी मध्ये पडली. "आत्या, राहू दे गं. मला मीच दिसायचंय." तिने वाद मिटवला, पण खरं सांगायचं तर आत्या पुढे आठवडाभर फोन करत होत्या. गोरेपणाचा आग्रह हा या धंद्यातला रोजचाच. माझा नियम ठरलेला: बेसची, म्हणजे फाउंडेशनची, शेड मान आणि छाती बघून ठरते, नवरीच्या आत्यांना बघून नाही.

फाउंडेशन करेक्टरच्या नंतर, आणि डोळ्यांखाली जवळजवळ नाहीच. ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजवर उरलेलं तेवढंच दाबून घेतलं. मग कन्सीलर. लावून लगेच पसरायचा नाही. मिनिटभर राहू दिला की त्यातलं उडणारं द्रव्य उडतं, तो दाटतो आणि कमी मालात जास्त झाकतो. मग स्पंजच्या टोकाने दाबायचं. यानंतर तिला वर बघायला सांगितलं, मग हसायला. हसल्यावर ज्या रेषांत माल गोळा झाला तो कोरड्या बोटाने उचलून घेतला आणि त्याच क्षणी पावडर दाबली. या दोन कृतींत वेळ गेला तर रेष पुन्हा भरते.

पावडर पिवळसर, बारीक, पांढरी नाही. छोट्या पफवर घेऊन, हातावर झटकून, दाबून. पावडरीचा ढीग ठेवून दहा मिनिटं थांबायची "बेकिंग"ची पद्धत तिच्यासाठी बाद केली. ती पद्धत लोकप्रिय झाली ड्रॅग कलाकारांमुळे. लांबून, रंगमंचाच्या झगमगाटात बघायच्या चेहऱ्यासाठी ती उत्तम आहे. मे महिन्यात दोन हातांवरून बघणाऱ्या मावश्या-काकूंसाठी ती नाही. तिथे संध्याकाळपर्यंत बारीक भेगा पडतात.

शेवटी फ्लॅशवर फोटो, टॉर्च डोक्यावर धरून फोटो, आणि अंगणात उन्हात फोटो. डोक्यावरच्या उजेडात घळ पुसटशी दिसत होती. ती मी तशीच ठेवली. डोळ्यांखाली थोडीही सावली नसली तर चेहरा सपाट होतो, आणि ती सावली पुरती मारायला जेवढा माल लागतो तो हसल्याबरोबर फुटतो.

हळदीने केलेला घोळ

ट्रायलच्या त्वचेवर लग्नाचा मेकअप होत नाही, हळद लागलेल्या त्वचेवर होतो. नवऱ्याकडची उष्टी हळद आदल्या संध्याकाळी आली, आणि करवल्यांनी हात राखला नाही. गाल, कपाळ, मान, सगळं पिवळं. डोळ्यांत जाईल म्हणून डोळ्यांभोवती मात्र कुणी लावत नाही. सकाळी मी पोहोचले तेव्हा चेहरा पिवळसर आणि त्यात डोळ्यांभोवती न रंगलेली दोन वर्तुळं. पिवळ्याच्या शेजारी जांभळा नेहमीपेक्षा जास्त जांभळा दिसतो. एकमेकांच्या विरोधी रंगांचा हा स्वभावच. म्हणजे रात्रभरात वर्तुळं वाढली नव्हती, पण दिसत तशी होती आणि नवरी रडकुंडीला आली होती.

वर तिने सकाळी उठून चेहरा अंगाच्या साबणाने दोनदा धुतला होता. हळदीतला रंग, कर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही, आणि साबणाच्या क्षारतेने लालसर होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. तर पिवळं तसंच राहिलं होतं आणि हनुवटीजवळ वर लालसर झाक.

हळद तेलात विरघळते. कोमट खोबरेल चेहऱ्यावर हलक्या हाताने फिरवलं, ओल्या मऊ कापडाने टिपलं, पुन्हा एकदा तेल, मग सौम्य फेसवॉश. साठ-सत्तर टक्के पिवळं उतरलं असावं. डोळ्यांजवळ तेल मुद्दाम नेलं नाही. तिथे तेलाचा अंश राहिला तर करेक्टर घसरतो. उरलेल्या पिवळ्यासाठी फाउंडेशनची शेड सरसकट बदलली नाही. चेहऱ्याच्या बेसमध्ये थेंबभर तटस्थ, ना पिवळी ना गुलाबी, शेड मिसळली आणि करेक्टर ट्रायलला होता तेवढाच ठेवला. हात शिवशिवत होते आणखी लावायला, कारण आरशात जांभळा जास्त दिसत होता. पण तो शेजारच्या पिवळ्याने दाखवलेला होता. बेस झाल्यावर शेजार बदलला आणि जांभळाही खाली बसला.

ज्यांच्या घरी हळद आदल्या दिवशी आहे त्यांना आता मी आधीच सांगते: हळद कालवताना तेल जास्त घाला, चेहऱ्याला हात कमी लावा, आणि आधी चेहऱ्यावर क्रीमचा जाड थर द्या.

मांडवात

गौरीहराला ती मामाने दिलेल्या पिवळ्या साडीत बसली होती. दुपारचं ऊन मांडवाच्या कापडातून गाळून येत होतं आणि पिवळ्या पदरावरून उलटून खालून चेहऱ्यावर पडत होतं. फोटोग्राफर सोनेरी रिफ्लेक्टर घेऊन उभा होता. मी त्याला म्हटलं, दादा, आवरा, साडीनेच तुमचं काम केलंय. खालून येणारा उजेड घळ भरतो आणि पिवळा उजेड जांभळा मारतो. त्या तासाभरातले फोटो सगळ्यांत चांगले आले, आणि त्यात माझ्याइतकाच वाटा त्या सुती साडीचा.

मुंडावळ्यांनी मात्र त्रास दिला. मोत्यांच्या सरी कपाळावरून कानशिलांवर उतरतात आणि मान हलली की डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याला घासतात. तपकिरी भाग नेमका तिथे. अंतरपाट धरायच्या आधी बघितलं तर डावीकडचा कन्सीलर रेघेने गेला होता. नुसतं दाबून भरला आणि मुंडावळ्या कानामागच्या केसांत पिनेने थोड्या मागे घेतल्या. हे आधी करायचं असतं, बांधतानाच.

होमाचा धूर सगळ्यांच्याच डोळ्यांत जातो. लाजाहोमाच्या वेळी डोळे वाहायला लागले तेव्हा ती रुमाल घेऊन पुसणार, एवढ्यात करवलीने तिचा हात धरला. करवलीला मी सकाळीच शिकवून ठेवलं होतं: टिश्यूची घडी घालायची, तिची कड खालच्या पापण्यांच्या मुळाशी आडवी टेकवायची, पाणी तिथेच शोषून घ्यायचं, गालावर उतरू द्यायचं नाही. आणि घासायचं तर नाहीच. पाठवणीलाही हीच घडी कामाला आली. काजळ वॉटरलाइनमध्ये, म्हणजे पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर, घातलंच नव्हतं. वरच्या पापणीच्या मुळाशी बारीक लायनर होता. आत्यांना ते पटलं नव्हतं ("नवरीला काजळ नाही?"), पण रडून झाल्यावर खाली काळं ओघळलं नाही हे त्यांनीच पहिल्यांदा बोलून दाखवलं. काजळ हवंच म्हणून कानामागे तीट लावली, ती त्यांनी स्वतः.

रिसेप्शन संध्याकाळी, हॉलमध्ये. गडद जांभळा शालू आणि छताला रांगेने एलईडी पॅनेल. दुपारी जे जे बाजूने होतं ते सगळं उलटलं. उजेड डोक्यावरून, पांढराथंड. खालून काहीच परत येत नाही कारण गडद कापड उजेड गिळतं. घळ दिसायला लागली. इथे आणखी मेकअप थापायचा मोह आवरावा लागतो. आधी पाण्याच्या बारीक फवाऱ्याने साचलेली पावडर बसवली, रेषांतला माल उचलला, घळीच्या रेषेवर फिक्या कन्सीलरचा एक ठिपका आणि बस्स. बाकीचं काम उजेडाने केलं: स्टेजसमोर फोटोग्राफरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारा कापडी पेटीतला दिवा, होता, तो तिच्या डोळ्यांच्या पातळीपर्यंत खाली घ्यायला लावला. तो आधी कुरकुरला, नवऱ्याच्या चष्म्यावर चमक येते म्हणून. दिवा जरा बाजूला सरकवला आणि दोघांचं भागलं.

फ्लॅशच्या फोटोंत पांढरे डाग नाहीत. राखाडी नाही. काही जवळच्या फोटोंत, ती खळखळून हसते तिथे, उजव्या डोळ्याखाली दोन बारीक रेषा भरलेल्या दिसतात, आणि रिसेप्शनच्या शेवटच्या तासात आतल्या कोपऱ्यात निळसर झाक परत आली आहे. सकाळी लावलेला थर रात्री दहाला एवढा टिकला तर मला तो टिकला असंच वाटतं. ती दिसली ती तिच्यासारखी, झोप झालेली.

ड्युटीवर

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. हिमोग्लोबिन वाढलं होतं, शिंका कमी होत्या, निळसरपणा फिका झाला होता. तपकिरी होता तसाच. तिला रोजच्यासाठी काहीतरी हवं होतं. "ताई, लग्नासारखं नको, पण नाइट संपवून निघताना पेशंटचे नातेवाईक मलाच विचारतात, सिस्टर, तुमची तब्येत बरी आहे ना?"

नर्सचा प्रश्न मास्कचा. मास्कची वरची कड नेमकी घळीवर बसते, आणि आतून येणारा दमट श्वास कडेवाटे वर जाऊन डोळ्यांखाली साचतो. तिथे कन्सीलर लावला तर तो पहिल्या तासात मास्कला लागतो. म्हणून कन्सीलर वगळला. आतल्या कोपऱ्यात, मास्कच्या कडेच्या वर, नारिंगी करेक्टरचा टेकवलेला ठिपका, त्यावर पिवळसर पावडरीचा पफ, आणि पापण्यांना मस्कारा, म्हणजे नजर वर जाते. काजळ फक्त सुट्टीच्या दिवशी. घरी गेल्यावर तेलाचा कापूस पापणीवर ठेवून थांबायचं, मग खाली ओढून नाही, टिपून काढायचं. दिवसा झोपताना उशी जरा उंच, कारण सपाट झोपलं की डोळ्यांखाली पाणी साचतं आणि उजवा फुगवटा उठल्यावर मोठा दिसतो. थंड चमचा ठेवला तर शिरा आकसून थोडा वेळ बरं दिसतं. बसस्टॉपपर्यंत पुरतं, दिवसभर नाही.

एक अट घातली. करेक्टरची डबी होस्टेलवर ठेवली की तिच्यात चार जणींची बोटं जातात. मागितला तर स्वच्छ काडीने काढून हातावर द्यायचा, डबी द्यायची नाही. आणि वॉर्डात डोळ्यांची साथ असेल तेव्हा कुणालाच नाही, स्वतःलाही नाही.